कृष्णेचा गाळ, १,२५० अंशांवर

कृष्णेच्या पुराचा गाळ नीट चाळून भांड्यावर चढवला आणि भट्टी १,२५० अंशांच्या आसपास नेली, की तो वितळतो आणि त्याची काच होते. रंग येतो काकवीचा. एवढं कळायला मला सांगलीत मुक्काम ठोकावा लागला, आणि त्याआधी बडोदा, पाँडिचेरी, खुर्जा असा बराच फिरता संसार करावा लागला.

मी सिरॅमिकचं काम करते. वडील रेल्वेत होते, त्यामुळे लहानपणही एका जागी गेलं नाही: मिरज, दौंड, सोलापूर, पुन्हा मिरज. बदलीची ऑर्डर आली की आई सगळ्यात आधी लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करायला घ्यायची. लुगड्याच्या धडप्यांत गुंडाळून त्या तांदळाच्या डब्यात पुरायची. इतक्या बदल्यांत तिची एकही बरणी फुटली नाही. झाकणं मात्र हरवली, आणि मग प्रत्येक बरणीवर भलत्याच बरणीचं झाकण, किंवा दादरा.

‘इतक्या ठिकाणी राहिलात, त्याचा कामावर काय परिणाम झाला?’ हा प्रश्न प्रत्येक प्रदर्शनात येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा नक्षी हवी असते. पाँडिचेरीचा समुद्र, कासच्या पठारावरची फुलं, असं काहीतरी बोट ठेवून दाखवता येईल असं. माझ्या भांड्यांवर यातलं काही नाही. मगवर कासची फुलं काढणाऱ्यांशी माझं भांडण नाही, छान खपतात ते मग. पण पठाराचा आणि मगचा संबंध तेवढाच असेल तर तो मग कुठल्याही गावात झाला असता. माझ्या कामात गाव शिरतं ते मातीतून, जळणातून, हवेतून आणि तिथल्या कुणाच्या तरी हाताच्या सवयीतून. बरेचदा मला ते पत्ताही लागू देत नाही. गाव सोडल्यावर, दुसऱ्या गावच्या मातीला हात लागला की कळतं.

सांगलीत आले ती आत्याच्या घरी. घर गावभागात, तळमजला रिकामा, मागं परसू. चाक आणि गॅसची छोटी भट्टी बसवली आणि काम नुकतं कुठं मार्गी लागत होतं, तेवढ्यात २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत पुराचं माप आयर्विन पुलावर सांगतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही आधीच मिरजेला निघून गेलो होतो. परत आलो तेव्हा खालच्या मजल्यावर सगळीकडं गाळ. फरशीवर, चाकाच्या थाळीवर, इतकंच काय, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या वाट्यांच्या आतसुद्धा मोजून मापून घातल्यागत एकसारखा थर.

सगळी गल्ली खराटे, फावडी आणि पाण्याचे पाइप घेऊन कामाला लागली होती. मीही. पण वाट्यांतला गाळ बोटांत चोळून बघितला आणि हात थांबला. कण म्हणून लागत नव्हता. इतकी बारीक माती मिळवायला आम्ही बाजारात पैसे मोजतो. मी परसातले निळे पिंप धुऊन घेतले आणि गाळ भरायला लागले. शेजारच्या काकूंनी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “आम्ही घाण काढून दमलो, आणि तुम्ही साठवून ठेवताय व्हय?” त्यांच्या तांदळाच्या, गव्हाच्या कणग्या, लेकाची पुस्तकं, फ्रीज, सगळं त्या गाळात गेलेलं. त्यांना काय उत्तर देणार? मी पिंपांवर झाकणं लावली, आणि पुढचे कित्येक महिने ते उघडले नाहीत.

उघडले ते कुंभारमामांच्या सांगण्यावरून. मिरजेला त्यांचं घर आहे. बेंदराला बैल, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ, असं त्यांचं वर्ष चालतं. मी त्यांच्याकडं माठ घ्यायला जाते आणि दोन तास बसून येते. गाळाचं ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, “कुठला भरलाय?” म्हटलं, घरातला. तर म्हणाले, “मग ठीक. घाटावरचा न्हाई चालायचा ताई, त्यात रेती येती. पाणी जिथं उभं ऱ्हायलं, तिथला घ्यायचा.” मामा आयुष्यात सांगली-मिरज सोडून राहिलेले नाहीत, पण नदी कुठं काय टाकते हे त्यांना पक्कं ठाऊक. वाहतं पाणी जड कण आधी सोडतं, म्हणून काठाला वाळू. संथ झालेलं पाणी शेवटी सगळ्यात बारीक माती सोडतं, म्हणून ती लांबच्या सखल घरांत. आमचं घर नेमकं तसं.

मामांसाठी मात्र तो गाळ कामाचा नव्हता. नुसत्या बारीक मातीचं मडकं वाळताना तडकतं, ते तिच्यात राख आणि लीद मळतात. शिवाय त्यांची भट्टी माझ्या भट्टीच्या कितीतरी खाली थांबते. एवढ्या आचेत ही माती भाजून लाल होते, घट्ट होते, वितळत नाही. तीच माती माझ्या भट्टीत भांडं म्हणून उभी राहणार नाही, बसकण मारेल. म्हणून मला ती भांड्यासाठी नको होती, भांड्यावरच्या काचेसाठी हवी होती. अमेरिकेत हडसन नदीकाठच्या अल्बनीची माती अशीच नुसती पाण्यात कालवून बरण्यांना आतून लावत. तपकिरी काच होऊन बसायची. ते वाचलेलं डोक्यात होतं. नदी नदीसारखी असेल का, एवढंच बघायचं होतं.

इथं बडोद्याची सवय कामी आली. तिथल्या फाइन आर्ट्सच्या सिरॅमिक विभागात मी शिकले. ज्योत्स्ना भट्ट यांनी अनेक वर्षं जिथं शिकवलं तो हा विभाग. त्यांची मांजरं आणि घुबडं प्रसिद्ध आहेत, पण मला त्यांच्या कामात कायम अडवून ठेवायची ती ग्लेझची, म्हणजे भांड्यावरच्या काचेची, पोत, चकाकी मुद्दाम मोडलेली. बडोद्यानं मला कागदावर काम करायला शिकवलं. प्रत्येक टेस्ट टाइलच्या, म्हणजे ग्लेझ तपासायच्या छोट्या तुकड्याच्या, पाठीवर आयर्न ऑक्साइडनं नंबर घालायचा, वहीत तोच नंबर, वजन ग्रॅममध्ये, भट्टीत टाइल कुठल्या शेल्फवर होती तेही. त्या वयात कंटाळा यायचा. आता वही शेजारी नसली तर मला बादलीत हात घालवत नाही.

गाळ पाण्यात सैल केला, वर तरंगून आलेला काडीकचरा काढला, बारीक जाळीतून चाळला, निवळू दिला, वरचं पाणी ओतून टाकलं. हे दोनदा-तीनदा करावं लागतं, कारण पुराच्या गाळात काय काय असतं ते सांगायची सोय नाही. मग वाळवून कुटला. टाइलवर नुसता गाळ, गाळात थोडा फेल्सपार (भट्टीत वितळणारं खनिज), गाळात राख, अशा ओळी लावल्या.

नुसता गाळसुद्धा वितळला. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. महाबळेश्वरापासून खाली कृष्णा, वेण्णा, कोयना, वारणा या सगळ्या ज्या खडकातून येतात तो काळा पाषाण, बेसाल्ट. त्यात लोह भरपूर, शिवाय चुना आणि मॅग्नेशिया, आणि ही तिन्ही भट्टीत सिलिकेला, म्हणजे काचेच्या मुख्य घटकाला, वितळायला मदत करतात. खडीच्या क्रशरखाली पडणारी भुकटीसुद्धा तशीच वितळते, मी करून बघितलंय. सातारा-सांगलीच्या माणसाच्या पायाखाली, रस्त्यात, घराच्या जोत्यात ग्लेझचा कच्चा माल पडलेला आहे. (काच या भागाला नवीनही नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीला कंदिलाच्या काचा व्हायच्या, तो प्रभाकर कंदील आमच्या आजोळी माळ्यावर अजून आहे.)

खरी गंमत वाटली ती खुर्ज्याच्या आठवणीनं. उत्तर प्रदेशातलं हे गाव कपबशा, बरण्या, टाइल्स यांवर जगतं. तिथल्या एका कारखान्यात मी डिझायनर होते. तिथं लोह म्हणजे शत्रू. पांढऱ्या मालावर मोहरीएवढा तपकिरी ठिपका आला की नग सेकंडमध्ये गेला. पातळ केलेली माती लोहचुंबकांवरून सोडायची, त्याला चिकटलेला काळा चुरा कामगार रोज पुसून काढायचे. गंजलेली बादली कुणी मातीजवळ आणली तर आरडाओरडा व्हायचा. त्या नोकरीत माझा डोळा असा तयार झाला की आजही पांढऱ्या भांड्यावरचा ठिपका मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. आणि सांगलीत आले तर मातीच सगळी लोहाची. इथं ठिपका काढत बसायचं म्हटलं तर नदीच काढावी लागेल. खुर्ज्यात ज्याला हाकललं त्याच्याशी इथं सोयरीक केली. सुरुवातीला हे अंगवळणी पडेना, टाइल भट्टीतून काढली की हात आपोआप ‘सेकंड’च्या ढिगाकडं जायचा.

खुर्ज्याकडून दुसरं मिळालं ते टिचकी मारणं. तिथं माल तपासणारे उस्ताद होते, साठीच्या पुढचे, नजर अधू. ते कप उचलायचे, नखानं वाजवायचे आणि न बघता डावीकडं किंवा उजवीकडं ठेवायचे. तडा गेलेला नग बद्द वाजतो. दोन कपांच्या आवाजातला फरक मला ऐकू यायला बरेच महिने गेले. आता मी बाजारात माठ घेतानासुद्धा कुंभारमामांच्या देखत टिचकी मारते. ते हसतात, कारण ते स्वतः तेच करतात, फक्त बोटाच्या पेरानं.

टाइलवर जमलं ते भांड्यावर जमेना. बिस्क केलेल्या, म्हणजे एकदा कमी आचेवर भाजलेल्या भांड्यावर गाळाचा थर दिला की वाळताना त्याला जाळं पडायचं आणि खपल्या सुटायच्या. ज्यानं एप्रिलमधलं काळं रान बघितलंय त्याला हे सांगायला नको. हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात बुजतात. काळ्या मातीतलं खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळताना आक्रसतं. भांडं आधीच भाजलेलं, ते आता आक्रसणार नाही. वरचा थर एकटाच लहान होतो आणि फाटतो.

यावर दोन उपाय आहेत. एक, अर्धा गाळ ७०० अंशांवर भाजून घ्यायचा, म्हणजे त्याचं फुगणं संपतं, आणि तो उरलेल्या कच्च्या गाळात मिसळायचा. दुसरा, भांडंच कच्चं असताना थर द्यायचा, म्हणजे दोघं बरोबरच आक्रसतात, आणि मग एकाच भट्टीत दोन्ही कामं. मला दुसरा जास्त आवडला, आणि त्यामागं एक बाई आहे. लुसी री व्हिएन्नाच्या, १९३८ साली नाझींमुळे लंडनला आल्या. पोटासाठी युद्धाच्या काळात त्यांनी कपड्यांची सिरॅमिकची बटणं केली. त्या वेळी इंग्लंडात जाड, तपकिरी, मातकट भांड्यांचा दबदबा होता. त्यांची भांडी मात्र पातळ आणि ताठ, आणि ग्लेझ कच्च्या भांड्यावरच चढवून इलेक्ट्रिक भट्टीत एकदाच भाजायच्या. पुढं ज्या लंडननं नाकं मुरडली त्यानंच त्यांना डोक्यावर घेतलं, हे वेगळं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी, की गाव बदलल्यावर त्यांनी हात बदलला नाही. त्यांच्या भांड्यावर कुठं व्हिएन्नाचं चित्र नाही.

कच्च्या भांड्याला ग्लेझ देणं म्हणजे वेळ साधणं. फार ओलं असेल तर पाण्यानं भांडं खचतं, फार वाळलं तर पुन्हा खपल्या. पाँडिचेरीला ही मधली अवस्था दिवसभर टिकायची. तिथं मी एका स्टुडिओत काम शिकायला होते. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तेव्हापासून तो सगळा परिसरच कुंभारकामाचा झालेला आहे. समुद्राची दमट हवा, भांडं सकाळी केलं तर संध्याकाळीही अंगठ्याला मऊ लागायचं. त्यामुळे तिथं मी कडा पातळ ठेवायला शिकले, घाई नव्हती, दहा वेळा हात फिरवायला वेळ होता. सांगलीच्या एप्रिलमध्ये तीच पातळ कडा चाकावरून उतरवेपर्यंत पांढरी पडते. पोटात ओल आणि ओठ कोरडा, की तडा ठरलेला. इथल्या उन्हाळ्यात मी पहाटे चारला काम सुरू करते आणि नऊला ओल्या गोणपाटाखाली सगळं झाकून टाकते. कडा आता थोडी गोल, थोडी भरीव झाली आहे. एका जुन्या गिऱ्हाईकानं विचारलं, शैली बदलली का? म्हटलं, ऊन वाढलं.

जळणाचंही तसंच. पाँडिचेरीला सुरूच्या लाकडावर मोठी भट्टी लागायची, पाळ्या लावून रात्रभर. लाकूड कधी टाकायचं हे घड्याळावर नसतं. धूर निवळला, ज्वाला आत ओढली गेली, की पुढचं लाकूड. सांगलीत दाट वस्तीत लाकडाची भट्टी शक्य नाही, म्हणून गॅस. बाहेर चाळीस अंश तापमान आणि गॅस जोरात ओढल्यामुळे सिलिंडरच्या बुडाला बर्फ धरलेला, म्हणून ते पाण्याच्या टबात उभे करायचे, असा आमचा थाट. गॅसला लाकडाची राख नसते. लाकडाच्या भट्टीत उडती राख भांड्यावर बसून आपोआप ग्लेझ होते, ती मला फार चुकल्यासारखी वाटायची. म्हणून राख वेगळी आणायची ठरवली.

राखेसाठी गेले ती गुऱ्हाळावर. शिराळ्याकडच्या रस्त्याला, ओळखीच्यांचं. चुलवाणात वाळलेली चिपाडं जळतात, वर काहिलीत रस उकळतो. चुलवाणापुढं बसलेला गडी माझ्याच वयाचा असेल. एका हातानं चिपाडांचा भारा सैल करायचा, दुसऱ्यानं तोंडाशी लोटायचा, आणि डोळे मात्र वर, काहिलीवर. रस फेसाळून वर यायला लागला की त्याचा हात आपसूक थांबायचा. गुळव्या एक शब्द बोलत नव्हता, नुसतं फावड्यानं रस ढवळत होता, मध्येच थोडा रस पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून बघत होता. मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. माझ्या भट्टीत मी कोन ठेवते, ठरलेल्या आचेला वाकणारा मातीचा छोटा सुळका, आणि भोकातून तो वाकला का बघते. शिवाय डिजिटल मीटर. गुळव्याचा कोन म्हणजे ती पाण्यातली गोळी. चुलवाणावरच्या गड्याला मी विचारलं, “आच जास्त झाली हे कशावरनं ओळखता?” तो म्हणाला, “आवाजावरनं. जाळ घोगरा झाला की कमी करायचा.” अगदी हेच मला पाँडिचेरीला एका तमिळ फायरमननं खुणेनं सांगितलं होतं, कान पुढं करून. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती.

राखेची पोती गाडीत टाकताना त्यानंच विचारलं, “ताई, एवढी राख कशाला ओ? भांडी घासायला?” म्हटलं, भांडी करायला. त्याला ते पटलं नाही, पण गुळाची ढेप देऊन पाठवलं.

चिपाडाच्या राखेत सिलिका जास्त, बाभळीच्या राखेत चुना जास्त. नुसता गाळ जरा जास्तच वाहतो, भांड्याच्या बुडाशी जाड होऊन शेल्फला चिकटतो. चिपाडाची राख घातली की तो आवरतो, चमक कमी होते आणि काकवीच्या रंगात मध्येच फिकट, तांबूस ओघळ दिसायला लागतात. भट्टी सावकाश थंड केली तर पृष्ठभाग आणखी मऊ होतो. हे मिश्रण शेवटी जमलं, आणि गेली काही वर्षं माझं बहुतेक काम त्यातच आहे.

मुंबईतल्या एका गॅलरीला ते आवडलं. इथपर्यंत ठीक. मग त्यांनी प्रत्येक भांड्यासोबत द्यायचं कार्ड छापून दाखवायला पाठवलं. त्यावर पुराच्या पाण्यातल्या घरांचा फोटो आणि खाली मजकूर, की हे भांडं महापुराच्या मातीतून घडलं आहे. मी नकार दिला. पहिलं म्हणजे ते खोटं आहे. माझ्या भांड्याचं अंग बिकानेरकडची बॉल क्ले, गुजरातची चायना क्ले आणि राजस्थानचा फेल्सपार यांचं आहे. सांगली वर आहे, नखाच्या जाडीएवढी. बदलीवर आलेल्या मातीला स्थानिक म्हणून खपवायचं कशाला? आणि दुसरं, तो फोटो. काकूंच्या गल्लीतल्या घरांचा फोटो लावून मी कप विकायचा, हे मला झेपणारं नव्हतं. गॅलरीचं म्हणणं, लोकांना गोष्ट लागते. असेल. आमचं फिसकटलं, आणि त्या वर्षी भट्टीचा हप्ता भरताना जड गेलं.

गोष्ट सांगायचीच झाली तर ती मॅग्डलीन ओडुंडो या सिरॅमिक कलाकाराची सांगावी. जन्म १९५० चा, नैरोबीतला. बालपणाचा काही काळ भारतात, मग पुन्हा केनिया, १९७१ मध्ये इंग्लंड. तिथून नायजेरियात अबुजाच्या पॉटरी ट्रेनिंग सेंटरमध्ये जाऊन त्या लाडी क्वालींसारख्या गुरूकडं चाकाशिवाय, हातानं भांडं उभारायला शिकल्या. पुढं अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या सॅन इल्डेफोन्सो या मूलनिवासींच्या गावच्या काळ्या भांड्यांचं काम पाहिलं. त्यांच्या भांड्यांना ग्लेझ नसतं. घासून घासून आणलेली चमक, आणि भट्टीत हवा खेळती ठेवली तर लाल, धूर कोंडला तर काळं. यातला आफ्रिकेचा भाग कुठला, अमेरिकेचा कुठला, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. भारतात शिकलेलं तर मुळीच नाही, पण गेलं कुठं असेल?

माझ्या बाबतीत एक आकार असा आहे की ज्याचं गाव मी नक्की सांगू शकते. हरिपूर. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, सांगलीला लागून. तिथं हळद जमिनीखाली, पेवात साठवत. पेव म्हणजे वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली जमिनीत चहूबाजूंनी रुंदावत गेलेलं पोट. हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही, ओल नाही, कारण तिथली माती. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आतली हवा माणसाला मारते. आधी दिवा सोडून बघतात, विझला तर थांबायचं. २००५ च्या पुरात पाणी शिरून कितीतरी पेवं निकामी झाली, आणि पुढच्या पुरांनी राहिलेलीही खचवली. मी पहिल्यांदा एका रिकाम्या पेवाच्या तोंडाशी ओणवी होऊन बॅटरी मारली, तेव्हा आत फावड्याच्या खुणा दिसल्या, एकाखाली एक, पोटाच्या गोलाईबरोबर फिरत गेलेल्या. चाकावर बोटांचे वळे उठतात तशाच, फक्त आतून. मी मातीला बाहेरून आकार देते. इथं कुणीतरी आत उभं राहून, माती काढत काढत, रांजणाहून मोठं भांडं जमिनीतच केलं होतं.

त्यानंतर मी अरुंद तोंडाच्या, रुंद पोटाच्या बरण्या करायला लागले. दोन भागांत चाकावर करून मध्ये जोडायच्या, आतून बोटांचे वळे तसेच ठेवायचे, गाळाचं ग्लेझ आतून जाड आणि बाहेरून पातळ. प्रदर्शनात त्यांची वाहवा झाली. काकूंनी मात्र एक बरणी हातात घेऊन आधी तळ बघितला, मग तोंडात मूठ घालून बघितली. गेली नाही. “लोणचं काढायचं कसं? चिमट्यानं?” त्यांना लिंबाच्या लोणच्यासाठी बरणी हवी होती, पुरात त्यांच्या सगळ्या बरण्या गेल्या होत्या. आणि तोच गाळ लावून हवी होती. त्यांनी स्वतःहून मागितली म्हणून मलाही जरा बरं वाटलं, नाहीतर त्या पिंपांचा विषय आमच्यात कधी निघालाच नव्हता.

लोणच्याची बरणी म्हटल्यावर ग्लेझ आंबटाला आणि मिठाला टिकतं का बघणं आलं. लिंबाची फोड टाइलवर रात्रभर ठेवली. व्हिनेगरमध्ये दुसरी टाइल बुडवून ठेवली. जिथं राख जास्त पडली होती तिथं रंग उतरला, मळकट डाग राहिला. गाळ जास्त, राख कमी, थोडा फेल्सपार, त्या टाइलला काहीही झालं नाही. म्हणजे मला आवडणारे ते तांबूस ओघळ बाहेरून ठीक, आत नकोत. आता बरणीला आतून एक आणि बाहेरून एक, अशी दोन ग्लेझ देते.

तोंड साडेपाच इंच केलंय, काकूंची मूठ बांगड्यांसकट आत जाते. तोंड एवढं वाढवल्यावर खांदा आडवा होतो आणि भट्टीत बसायला बघतो, म्हणून माती तिथं थोडी जाड ठेवावी लागते, म्हणजे वाळायला उशीर, म्हणजे गोणपाट आणखी एक दिवस. झाकण मी आदळआपटीला टिकेल असं, बोटात धरता येईल अशा जाड गोंड्याचं करते, आणि प्रत्येक बरणीला दोन झाकणं देते. राख संपत आली आहे. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की शिराळ्याला एक फेरी, आणि मग पुढची भट्टी.